घराचा नकाशा कोणी काढायचा?

(एका स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)

संगमनेरकडचा एक चांभारकाम करणारा माणूस १९६९ साली मुंबईत आला. गावाकडे दिवसाला सात-आठ रुपये सुटत. त्यात राहते घर पडले. मुंबईत बदली कामगार म्हणून महिना साडेतीनशे रुपयांचे काम मिळाले, पण राहायचे कुठे? तुळशीवाडीत फुटपाथवर जागा मिळाली, तीही तिथल्या एका गुंडाला तीनशे रुपये दिल्यावर. बांबू आणि प्लॅस्टिकच्या कागदाला आणखी सातशे लागले. उघड्या रस्त्यावरच्या त्या आडोशापायी त्याचा जवळजवळ तीन महिन्यांचा पगार गेला. सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै १९८५ रोजी ‘ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका’ या खटल्यात दिलेल्या निकालपत्रात ही कैफियत नोंदलेली आहे. फुटपाथवर लोक फुकट राहतात असे ज्यांना वाटते, त्यांनी ती चार वाक्ये जरूर वाचावीत.

वस्तीचा विकास आणि घराच्या बाबतीतला न्याय या विषयाची सुरुवात मुंबईच्या फुटपाथवरून करायची ती एका कारणासाठी. मुंबईत गरिबांच्या घराबद्दल गेल्या चाळीस वर्षांत जे काही चांगले घडले, त्यातले बरेचसे आधी भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी करून पाहिले होते. आणि जे बिघडले, ते बहुतेक वेळा त्यांना विचारायचे राहून गेले म्हणून बिघडले.

खटल्यामागची हकिगत थोडक्यात अशी. १३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांनी जाहीर केले की, मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्या सर्वांना हटवून आपापल्या गावी किंवा शहराबाहेर पाठवले जाईल. भर पावसाळ्यात झोपड्या पाडायला सुरुवात झाली. तामिळनाडूतल्या सेलमहून आलेल्या एका अर्जदाराची झोपडी २३ जुलैला पाडली आणि त्याला कुटुंबासकट सेलमच्या बसमध्ये बसवून दिले. बायको आणि मुली तिकडेच राहिल्या. तो मात्र कामाच्या शोधात परत मुंबईला आला आणि पुन्हा फुटपाथवरच राहू लागला. गावात काम नव्हते म्हणून तो पहिल्यांदा निघाला होता. बस गावी पोचली तेव्हाही तिथे काम नव्हतेच.

पत्रकार ओल्गा टेलिस, नागरी स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या संघटना आणि खुद्द फुटपाथवासी न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पीठाने दिलेला निकाल आज जगभरच्या विधी महाविद्यालयांत शिकवला जातो. राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो, कारण उपजीविकेचे साधन काढून घेतले की जगणेच काढून घेतले जाते, असे न्यायालयाने म्हटले. इथवर सगळ्यांना माहीत असते. पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. फुटपाथवर झोपडी बांधण्याचा हक्क कोणालाही नाही, आणि ती हटवण्याचा अधिकार देणारे १८८८च्या महापालिका कायद्याचे ३१४वे कलम वैध आहे, असेही त्याच निकालात आहे. एवढेच की, आधी नोटीस द्यावी, म्हणणे ऐकून घ्यावे आणि पावसाळा उलटून ३१ ऑक्टोबर १९८५ होईपर्यंत झोपड्यांना हात लावू नये. १९७६च्या झोपडपट्टी गणनेत ज्यांना ओळखपत्रे मिळाली होती, त्यांना पर्यायी जागा द्यावी असा आदेश होता. त्या गणनेत फुटपाथवरच्या लोकांना मोजलेच नव्हते. थोडक्यात, देशाला एक मोठे तत्त्व मिळाले आणि ज्यांच्यामुळे मिळाले, त्यांच्या हाती साडेतीन महिन्यांची मुदत पडली.

त्या साडेतीन महिन्यांत भायखळ्यात जे झाले, ते या विषयाचे खरे मर्म आहे.

‘स्पार्क’ ही संस्था १९८४ साली सुरू झाली होती. शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भायखळ्यात महापालिकेच्या एका दवाखान्याच्या आवारात बस्तान बसवले होते. तिथे येणाऱ्या बायका सोफिया झुबेर रोड, डिमटिमकर रोड, पीरखान स्ट्रीट, झुला मैदान अशा आसपासच्या फुटपाथवरच्या. कोणी बिहारमधून आलेल्या, कोणी महाराष्ट्राच्या दुष्काळी तालुक्यांतून, कोणी दक्षिणेतून. निकाल लागल्यावर त्यांचा प्रश्न सरळ होता: आता काय करायचे? मोर्चा काढायचा, की पुन्हा कोर्टात जायचे, की पाडायला येणाऱ्या गाडीपुढे आडवे पडायचे? त्यांनी ठरवले की, आधी आपण किती जण आहोत ते मोजायचे.

१९८५ची ती गणना ‘वुई द इनव्हिजिबल’ या नावाने प्रसिद्ध झाली. सुमारे सहा हजार कुटुंबांची माहिती तिच्यात आहे. फुटपाथवरची माणसे भिकारी नाहीत, गुन्हेगार नाहीत, काल-परवा आलेलीही नाहीत, हे आकड्यांनिशी पुढे आले. कित्येक कुटुंबे दहा-वीस वर्षे त्याच जागी होती. मुले तिथेच जन्मली होती. बहुतेक जण हमाली, फेरी, घरकाम, बांधकाम अशी कामे करीत आणि कामावर चालत जात. बसचे भाडे परवडत नाही म्हणून माणूस कामाच्या जवळ राहतो आणि कामाच्या जवळ भाड्याची खोली परवडत नाही म्हणून फुटपाथवर राहतो, असे हे गणित होते. अधिकाऱ्यांच्या टेबलावर ते पहिल्यांदाच कागदावर मांडले गेले. सरकारी यादीत नाव नसलेल्या माणसांनी स्वतःची यादी स्वतः केली, यातली हिंमत लक्षात घेतली पाहिजे.

गणनेच्या कामातून त्या बायकांचे मंडळ तयार झाले, ते ‘महिला मिलन’. त्यांना तिसरा साथीदार मिळाला तो जोकिन अर्पुथम. कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावातून तरुणपणी मुंबईत आलेला हा माणूस मानखुर्दच्या जनता कॉलनीत राहत होता. अणुशक्ती केंद्राला जागा हवी म्हणून ती वसाहत हटवू नये यासाठी तो वर्षानुवर्षे लढला. आणीबाणीत, १९७६ साली, वसाहत उठवलीच. लोकांना चित्ता कॅम्पला नेऊन सोडले. लढा जोरदार होता, तरी हाती काही उरले नाही, याचा विचार जोकिन यांनी पुढे आयुष्यभर केला. सरकारपुढे केवळ मागणी घेऊन जाण्यापेक्षा करून दाखवलेला तोडगा घेऊन जावे, हे त्यांचे सूत्र त्यातून आले. १९७४ साली सुरू झालेला त्यांचा झोपडपट्टीवासीयांचा महासंघ, महिला मिलन आणि स्पार्क अशी ही युती. जोकिन यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे त्यांना आणि शीला पटेल यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली जोकिन गेले.

महिला मिलनचे रोजचे काम बचतीचे. गल्लीतली एक बाई रोज दारोदार जाणार, कोणाकडून एक रुपया, कोणाकडून दोन. ज्या दिवशी द्यायला नाही, त्या दिवशीही दारात थांबून विचारपूस करणार. लिहिता न येणाऱ्या बायकांनी हिशोबाला रंगीत कागदाचे तुकडे वापरले: एकेका रकमेला एकेक रंग, आणि प्रत्येकीचे तुकडे तिच्या स्वतःच्या पिशवीत. कोणाचे मूल आजारी आहे, कोणाचा नवरा दारू पिऊन मारतो, कोणाची झोपडी काल पाडली, हे सगळे त्या एका फेरीत कळायचे. पैसे थोडे जमले, ओळखी मात्र भरपूर झाल्या, आणि पुढच्या प्रत्येक कामाला त्या पुरल्या. रेशनकार्ड कसे काढायचे, पोलीस चौकीत कसे बोलायचे, हे एकीने शिकायचे आणि दुसरीला शिकवायचे. पाडापाडीची गाडी येणार असे कळले की बायका आपल्या झोपड्या आपणच उतरवून ठेवू लागल्या. त्यामुळे बांबू, भांडी, कपडे गाडीत भरून जाण्याचे वाचले आणि अधिकाऱ्यांशी बोलण्याची सोयही झाली.

मग त्यांनी घराचा विचार सुरू केला. ‘सरकार जमीन नाही म्हणते’ हे उत्तर घेऊन गप्प न बसता त्या शहरभर फिरल्या आणि विकास आराखड्यात राखून ठेवलेले, पण मोकळे पडलेले भूखंड त्यांनी डोळ्यांनी पाहिले. घर केवढे हवे यावर चर्चा झाली, ती कागदावर न होता अंगाने झाली. साडी जमिनीवर अंथरून मापे घेतली. इथे चूल, इथे मोरी, इथे पोर झोपेल, इथे म्हातारी. बांबू आणि कापडाची पूर्ण आकाराची घरे उभी करून त्यांनी प्रदर्शन भरवले. फुटपाथवर राहणाऱ्यांनी घराचे नमुने मांडलेत आणि ते बघायला अधिकारी, वास्तुविशारद आणि बाकीच्या वस्त्यांतले लोक आले आहेत, असे दृश्य मुंबईने तोवर पाहिले नव्हते. त्यांच्या नमुन्यांतली एक कल्पना फार मोलाची होती. छत १४ फूट उंच ठेवायचे, म्हणजे आत पोटमाळा काढता येतो. जमीन तेवढीच, पण झोपायला आणि अभ्यासाला वरची जागा. खर्च दुसऱ्या मजल्यापेक्षा कितीतरी कमी. वर्षानुवर्षे सहा बाय आठ फुटांच्या झोपडीत संसार केलेल्या बाईला उंचीचा उपयोग जेवढा कळतो, तेवढा तो कॉलेजात शिकून कळत नाही.

फुटपाथवासीयांना पुनर्वसनाचा हक्क आहे हे सरकारने मान्य केले, ते १९९५ साली. दिनेश अफझलपुरकर समितीच्या अहवालानंतर झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली. १ जानेवारी १९९५ पूर्वीपासून राहणाऱ्या झोपडीधारकांना २२५ चौरस फुटांचे मोफत घर आणि त्या बदल्यात विकासकाला विक्रीसाठी जादा बांधकाम. या योजनेत फुटपाथवरच्या कुटुंबांना प्रथमच जागा मिळाली. घराचा ताबा नवरा-बायकोच्या संयुक्त नावाने द्यायचा, हीही तरतूद झाली. बाईचे नाव कागदावर असले की तिला घराबाहेर काढणे अवघड होते, हे महिला मिलनच्या प्रत्येक बाईला अनुभवाने माहीत होते. पुढे मानखुर्दला भायखळ्याच्या फुटपाथवासीयांची ‘मिलन नगर’ ही वसाहत उभी राहिली. पहिल्या बचतीपासून पहिल्या किल्लीपर्यंत मधे मुलांची लग्ने होऊन गेली होती.

या बायकांचे म्हणणे किती व्यवहारी होते, हे रेल्वेच्या बाबतीत दिसले. मुंबईच्या लोकलचे रूळ आणि झोपड्या यांच्यात काही ठिकाणी हातभर अंतर असे. जागतिक बँकेच्या मदतीने नागरी परिवहन प्रकल्प आखला गेला, तेव्हा रुळांलगतच्या हजारो कुटुंबांचे पुनर्वसन करणे भाग होते. २०००च्या सुरुवातीला हार्बर मार्गावर झोपड्यांवर बुलडोझर फिरले आणि मोठा संताप उसळला. त्यानंतर महासंघ आणि महिला मिलन यांनी गणनेची आणि स्थलांतराची सूत्रे हाती घेतली, तेव्हा सुमारे साठ हजार माणसे पोलिसांच्या बळाशिवाय हलली. यादी वस्तीत लावायची, हरकती वस्तीतच ऐकायच्या, शेजाऱ्यांचे गट करून शेजारीच राहायला पाठवायचे, एवढे पथ्य पाळल्याने हे झाले.

हे सगळे गोडच होते असे म्हटले तर ते खरे होणार नाही. त्याच प्रकल्पातल्या रस्त्यांच्या कामात कुर्ल्याचे दुकानदार आणि इतर बाधित लोक जागतिक बँकेच्या तपासणी पथकाकडे गेले. भरपाई आणि पर्यायी जागा यांबाबतच्या त्यांच्या बऱ्याच तक्रारींत तथ्य निघाले, आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसनासाठीचे पैसे काही महिने थांबवले. पुनर्वसनाच्या वसाहतींची गोष्ट तर अधिक गंभीर आहे. गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहतींत इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचे अंतर आहे. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इथला कोंदटपणा आणि क्षयरोग यांचा संबंध दाखवून दिला. पुनर्वसनासाठीचे बांधकाम नियम सर्वसाधारण इमारतींपेक्षा सैल ठेवले गेले, म्हणून हे झाले. गरिबाच्या घराला कमी हवा आणि कमी उजेड चालतो, असे कायद्याच्या पुस्तकात लिहिणे हा अन्याय आहे. त्याला दुसरा शब्द नाही. कापडाच्या घरात उभे राहून खिडकी कुठे हवी हे सांगणाऱ्या बायकांना त्या इमारतींचे नकाशे मंजूर होताना कोणी विचारले नव्हते.

पुण्याने वेगळा रस्ता दाखवला, आणि तो मुंबईने पुरेसा पाहिला नाही. १९९९ ते २००१ या काळात आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी वस्त्यांमधली सार्वजनिक शौचालये बांधण्याचे आणि सांभाळण्याचे काम थेट संस्थांना आणि वस्तीतल्या बायकांना दिले. दर आठवड्याला बैठक, अडचण तिथल्या तिथे सोडवायची. महिला मिलनच्या बायकांनी केलेल्या आराखड्यात लहान मुलांसाठी वेगळी, बुटकी, धरायला दांडी असलेली शौचालये होती. मोठ्यांच्या भांड्यावर बसायला मुले घाबरतात आणि रांगेत मोठी माणसे त्यांना ढकलतात, म्हणून ती उघड्यावर बसतात, हे त्यांना ठाऊक होते. बायकांचा आणि पुरुषांचा दरवाजा वेगळ्या बाजूंना. देखभाल करणाऱ्या कुटुंबाला वर राहायला खोली. कोणत्याही ठेकेदाराच्या निविदेत या गोष्टी येत नाहीत.

त्यानंतर येरवड्यात, शहरी गरिबांच्या मूलभूत सेवांच्या केंद्रीय योजनेतून, वस्ती न हटवता घरे बांधण्याचे काम झाले. ज्यांची घरे आधीच पक्की होती ती तशीच ठेवली. कच्च्या घरांच्या जागी, त्याच बोळात, त्याच शेजारात, सुमारे २७० चौरस फुटांची घरे उभी राहिली. घराचा खर्च तीन लाख रुपये धरला होता आणि त्यातला दहा टक्के वाटा कुटुंबाचा. वास्तुविशारद प्रसन्न देसाई आणि महिला मिलनच्या बायका एकेका कुटुंबाबरोबर बसून नकाशे ठरवत. लहान जागा असलेल्या दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून एकावर एक घरे बांधायची, असे मार्गही निघाले. असे काम सावकाश होते, आणि त्यात विकायला टॉवर उरत नाही. म्हणूनच ते फारसे पसरले नाही. पण त्या वस्तीत कोणाची घरकामाची नोकरी गेली नाही, कोणाच्या मुलाची शाळा सुटली नाही आणि दुकानाची गिऱ्हाइके तुटली नाहीत.

२०११च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतली ४० टक्क्यांहून अधिक माणसे झोपडपट्टीत राहत होती. आज त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न पात्रतेचा आहे. धारावीच्या पुनर्विकासात १ जानेवारी २०००च्या आधीपासून तळमजल्यावर राहणाऱ्याला धारावीतच ३५० चौरस फुटांचे घर मिळेल; नंतर आलेला आणि माळ्यावर राहणारा मात्र धारावीबाहेर जाईल. माळ्यावरचे कुटुंब वीस-पंचवीस वर्षे तिथेच शिवणकाम किंवा चामड्याचे काम करीत असले तरीही. तारखेची रेघ कुठेतरी ओढावी लागते, हे मान्य. पण रेघ ओढताना १९७६ साली फुटपाथवरच्यांना मोजायचे राहिले, तशी कोणती माणसे आता मोजायची राहतात, हे वस्तीतल्या वस्तीत तपासायला हवे. यादी वस्तीच्या भिंतीवर लावावी आणि तिथल्याच बायकांकडून तपासून घ्यावी. भायखळ्यात १९८५ साली हे जमले. आज मोबाइल हाती असताना न जमण्याचे कारण नाही.

घराच्या न्यायाचा आणखी एक पैलू झोपडपट्टीबाहेरचा आहे, आणि तो या सभागृहातल्या बहुतेकांच्या दारापर्यंत येतो. आडनाव ऐकून, धर्म विचारून, ‘मटण-मासे खाता का’ असे विचारून घर नाकारण्याची रीत मुंबई-पुण्यात सर्रास आहे. दलितांना, मुसलमानांना तिचा सर्वाधिक त्रास होतो; मांसाहारी मराठी कुटुंबांनाही होतो. खासगी भाडेकराराच्या बाबतीत हा भेदभाव रोखणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने, एखादी संस्था आपले सभासदत्व एका समाजापुरते ठेवू शकते, असा निर्णय दिला. संघटन-स्वातंत्र्याचा तो अर्थ शहरांच्या दृष्टीने दुर्दैवी ठरला. एका समाजाची इमारत, एका समाजाची गल्ली, मग एका समाजाचा विभाग, अशी शहरे फुटत जातात. भायखळ्याच्या फुटपाथवर मात्र मुसलमान, दलित, तमिळ, मराठी बायका एकत्र बचत करीत होत्या.

तरीही महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०च्या २३व्या कलमानुसार पुरेशा कारणाशिवाय पात्र व्यक्तीचे सभासदत्व नाकारता येत नाही. नाकारले तर निबंधकाकडे दाद मागता येते. संस्थेने अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. श्रोत्यांपैकी अनेक जण एखाद्या सोसायटीचे सभासद असतील, काही जण समितीवरही असतील. तेव्हा एक विनंती आहे. आपल्या सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय पटलावर घ्या: घर विकताना किंवा भाड्याने देताना जात, धर्म किंवा आहार यांवरून कोणालाही अडवले जाणार नाही, असा ठराव लेखी मंजूर करा आणि त्याची प्रत जिन्याखालच्या सूचना फलकावर लावा.